ड्रिफ्टसाठी बॅटरीची गाडी की नायट्रो?

वाचकाचे पत्र, थोडक्यात: निपाणीजवळ राहणारे २७ वर्षांचे एक वाचक कागलच्या औद्योगिक वसाहतीत सीएनसी मशीनवर काम करतात. रिमोटच्या गाडीचे ड्रिफ्टिंग, म्हणजे गाडी वळणात आडवी घसरवत नेणे, शिकण्याची त्यांची बऱ्याच दिवसांची इच्छा आहे आणि त्यासाठी त्यांनी ३५,००० रुपये बाजूला ठेवले आहेत. चुलत्यांची तंबाखूची वखार नवा माल येईपर्यंत रिकामी असते आणि तिथे रविवारी गाडी चालवायला चुलत्यांनी होकार दिला आहे. मात्र त्यांच्या दाजींचे म्हणणे असे, की बॅटरीची गाडी म्हणजे लहान मुलांचे खेळणे, घ्यायची तर इंजिनचीच घ्यावी. दाजींच्या पुण्यातील एका ओळखीच्या माणसाकडे १/१० मापाची वापरलेली नायट्रो (खास द्रव इंधनावर चालणाऱ्या छोट्या इंजिनची) गाडी १८,००० रुपयांना मिळते आहे. वाचकांना स्वतःलाही इंजिनची ओढ आहे. बॅटरीच्या गाडीत ताकद कमी पडेल, आणि वीज सारखी जात असल्याने चार्जिंगचे हाल होतील, अशी भीतीही वाटते. घरात दहा वर्षांचा पुतण्या आहे, तोही गाडीची वाट पाहतो आहे. ते विचारतात, "एकदाच घ्यायची आहे, तर बॅटरीची घेऊन नंतर पस्तावण्याची वेळ येईल का?"

प्रिय वाचकमित्र,

उत्तर आधी सांगतो आणि कारणे मागाहून देतो. तुम्हाला ड्रिफ्ट शिकायचे असेल आणि ते वखारीतच करायचे असेल, तर बॅटरीची गाडी घ्या. याबाबत माझ्या मनात किंतु नाही. पण तुमचे पत्र पुन्हा वाचताना असे वाटले, की तुम्हाला दोन वेगवेगळ्या गोष्टी हव्या आहेत आणि त्या एकाच गाडीत मिळतील असे तुम्ही धरून चालला आहात. एक म्हणजे गाडी आडवी घसरत असताना ती ताब्यात ठेवण्याचे कसब, आणि दुसरी म्हणजे हाताने चालू केलेले, कानाने जुळवलेले एक छोटे इंजिन. दोन्ही आवडी चांगल्या आहेत, पण त्यांचे रस्ते वेगळे आहेत, आणि निवड खरी तिथे आहे.

ताकदीपासून सुरुवात करू, कारण दाजींचा मुख्य मुद्दा तोच आहे. मोठ्या गाडीचा ड्रिफ्ट पाहिला की ताकदीचा विचार मनात येणे साहजिक आहे. जपानमधील घाटरस्त्यांवर हा प्रकार वाढला, केइची त्सुचिया यांच्यासारख्या चालकांनी तो जगाला दाखवला, आणि तिथे रबरी टायरची पकड तोडायला इंजिनचा जोर खरोखरच लागतो. रिमोटच्या ड्रिफ्ट गाडीत मात्र टायर रबराचे नसतातच. १/१० मापाच्या ड्रिफ्ट गाडीला कडक प्लास्टिकची चाके असतात, आणि गुळगुळीत कोब्यावर ती मुळातच घसरतात. पकड तोडण्यासाठी जोर लावण्याची गरजच उरत नाही; उरते ती घसरणारी गाडी हव्या त्या रेषेत, हव्या त्या कोनात धरून ठेवण्याची कसोटी. त्यामुळे साधी १३.५ टर्नची (तारेच्या वेढ्यांची) ब्रशलेस मोटर आणि दोन सेलची ७.४ व्होल्टची बॅटरी एवढी ताकद वखारीत पुरून उरते. उलट शिकताना बहुतेक जण स्पीड कंट्रोलरवरून (मोटरला जाणारी वीज कमीजास्त करणाऱ्या भागावरून) ताकद कमीच करून घेतात.

आता हा ताबा नेमका कुठून येतो ते पाहू, कारण नायट्रो गाडी ड्रिफ्टला का जमत नाही याचे उत्तर त्यातच आहे. वळणात गाडी आडवी गेली, की रिमोटवर बोटाखालचा थ्रॉटल (वेगाचा ट्रिगर) एका जागी स्थिर राहत नाही. मागची चाके किती वेगाने फिरवायची हे क्षणाक्षणाला थोडे वाढवावे लागते, थोडे सोडावे लागते. सोडले की गाडी सरळ होऊ पाहते, वाढवले की आणखी आडवी जाते. हे चढउतार ट्रिगरच्या दोनतीन मिलिमीटरच्या हालचालीत चाललेले असतात. बॅटरीच्या गाडीत मोटर आणि चाके दातऱ्यांनी किंवा पट्ट्याने थेट जोडलेली असतात, मोटरचा पीळ शून्य फेऱ्यांपासून मिळतो, आणि बोट हलले की चाकाला ते लगेच कळते. सेन्सर असलेली मोटर घेतली, तर अगदी मंद वेगातही हे काम हिसका न बसता होते.

नायट्रो इंजिनचे तसे नाही. २.१ किंवा २.५ सीसीचे ते इंजिन मिनिटाला तीस हजारांच्या आसपास फेऱ्या घेते आणि त्याचा खरा जोर वरच्या फेऱ्यांत असतो. इंजिन आणि चाके यांच्यामध्ये सेंट्रिफ्यूगल क्लच असतो: फेऱ्या ठरावीक मर्यादेपलीकडे गेल्या की क्लचचे बूट बाहेर फेकले जाऊन ड्रमला चिकटतात, आणि फेऱ्या उतरल्या की सुटतात. याचा अर्थ असा, की ज्या बारीक चढउतारांवर ड्रिफ्ट उभा आहे, नेमक्या तिथेच क्लच धरतो-सोडतो. तुम्ही थोडा थ्रॉटल दिला तर काहीच होत नाही, आणखी थोडा दिला की चाके एकदम सुटतात. त्यातच कार्ब्युरेटरकडून प्रतिसाद यायला लागणारा वेळही जमेस धरावा लागतो. या कारणांमुळे नायट्रोवर ड्रिफ्ट करणारे लोक बहुधा चारही चाकांना जोर देणारी गाडी घेतात आणि मोठ्या पार्किंगएवढ्या मोकळ्या जागेत लांब, रुंद वळणे घेतात. तो प्रकार पाहायला छान दिसतो. पण चार डबे मांडून त्यांच्यामधून वीतभर अंतर ठेवून गाडी काढण्याचे जे काम व्हिडिओत पाहायला मिळते, ते जवळजवळ सगळे बॅटरीच्या गाड्यांचे आहे.

शिवाय आजच्या मागच्या चाकांच्या ड्रिफ्ट गाडीत रिसीव्हर (रिमोटचा सिग्नल घेणारा भाग) आणि स्टिअरिंगचा सर्व्हो (चाके वळवणारी छोटी मोटर) यांच्यामध्ये एक छोटा जायरो बसवतात. गाडीचा मागचा भाग किती झपाट्याने फिरतो आहे हे तो ओळखतो आणि पुढची चाके उलट दिशेला वळवून तोल सावरतो. जायरोचा गेन (सावरण्याचा जोर) कमी ठेवला तर गाडी गिरकी घेते, जास्त ठेवला तर पुढची चाके सरळ रेषेतही थरथरत राहतात; या दोहोंमधली जागा हाताने शोधावी लागते. यंत्र जुळवण्याची तुमची हौस इथेही भागेल. पुढच्या चाकांचे कॅस्टर आणि टो हे कोन, मागच्या डॅम्परमधील तेलाचा जाडपणा, बॅटरी चासीवर पुढे ठेवायची की मागे, यांतील एकेका बदलाने गाडीची चाल पालटते. मायक्रॉनमध्ये काम करणाऱ्या माणसाला बॅटरीच्या गाडीत करण्यासारखे काही नसते, ही समजूत मी तुमच्या मनातून अवश्य काढू इच्छितो.

एवढे सांगूनही नायट्रो इंजिनची थोरवी मला नाकारायची नाही. त्या इंजिनची स्लीव्ह (पिस्टन ज्यात वरखाली होतो ती नळी) वरच्या टोकाला किंचित निमुळती असते; थंड असताना फ्लायव्हील हाताने फिरवले तर पिस्टन वर पोचताना अडकल्यासारखा होतो, आणि इंजिन तापून स्लीव्ह प्रसरण पावली की तेच माप अगदी बरोबर बसते. हे तुम्ही एकदा हाताने अनुभवले तर किती आवडेल याची मला कल्पना आहे. नव्या इंजिनला सुरुवातीच्या काही टाक्या 'रिच' मिश्रणावर, म्हणजे इंधनाचे प्रमाण जास्त ठेवून फिरवावे लागते. पुढेही दर वेळी ग्लो प्लग (इंधन पेटवणारी तापती तार असलेला प्लग) पेटवायचा, गाडी चालू करायची, हाय आणि लो अशी दोन नीडल (इंधनाचे प्रमाण ठरवणारे स्क्रू) जुळवायची, इंजिनच्या हेडचे तापमान साधारण १०० ते १२० अंश सेल्सिअसच्या पट्ट्यात आहे का ते पाहायचे, सायलेन्सरमधून धुराची बारीक रेघ येते का ते पाहायचे. आपल्याकडच्या पावसाळ्यात सकाळी जुळवलेले नीडल दुपारी हवा बदलली की पुन्हा फिरवावे लागते. ७५ सीसीची टाकी आठ-दहा मिनिटांत संपते, म्हणजे एक लिटर इंधनात तेरा टाक्या आणि पावणेदोन ते दोन तासांची फेरी. दिवस संपला की टाकी पूर्ण रिकामी करायची, उरलेले इंधन इंजिनमध्ये जाळून टाकायचे आणि सिलिंडरमध्ये आफ्टर रन तेलाचे थेंब सोडायचे. कारण या इंधनातील मिथेनॉल हवेतील ओल शोषते आणि बेअरिंगला गंज चढतो.

म्हणून स्वतःला एक प्रश्न विचारा: रविवारचे चार तास मिळाले आणि त्यातले दोन तास गाडी जुळवण्यातच गेले, तर तुम्ही घरी समाधानाने याल की चिडून? समाधानाने येणार असाल, तर तुम्हाला ड्रिफ्टपेक्षा इंजिन अधिक प्रिय आहे. मग नायट्रो जरूर घ्या, पण ती मोकळ्या मैदानात वेगाने पळवण्यासाठी घ्या आणि तिच्याकडून ड्रिफ्टची अपेक्षा ठेवू नका. चिडून येणार असाल, तर उत्तर तुम्हाला मिळाले आहे.

तुमच्या बाबतीत मात्र जागेनेच निकाल दिला आहे. वखार ही बंद जागा आहे. नायट्रो इंजिनच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो, आणि दोन दारे उघडी ठेवली तरी छताखाली तासभर ते इंजिन चालवणे माणसांसाठी घातक आहे. सायलेन्सरमधून तेलाचे तुषार उडतात. ते कोब्यावर बसले की मागाहून धूळ चिकटते आणि फरशी ना गाडीच्या कामाची राहते ना मालाच्या. तंबाखू वास फार लवकर धरतो हे तुमच्या चुलत्यांना मी सांगायला नको. नव्या मालाला इंधनाचा वास लागला आणि व्यापाऱ्याने भाव पाडला, तर एका छंदापायी घरातला सलोखा जाईल. आणि आगीचा विचार वेगळाच. जिथे वर्षानुवर्षे सुका पाला साठवला गेला आहे, कोपऱ्याकोपऱ्यांत भुकटी आणि गोणपाट आहे, तिथे पेट घेणारे द्रव इंधन नेऊच नये, वखार रिकामी असली तरी.

इंधनाबद्दल आणखी लिहितो, कारण असा छंद करणाऱ्या इतर वाचकांनाही ते उपयोगी पडेल. नायट्रो इंधनात मुख्य भाग मिथेनॉलचा असतो, त्यात साधारण १० ते ३० टक्के नायट्रोमिथेन आणि वंगणासाठी तेल असते. विषारी दारूने माणसे दगावतात किंवा आंधळी होतात ती याच मिथेनॉलमुळे. ते पोटातून तर जातेच, पण श्वासातून आणि कातडीतूनही शरीरात शिरते. मिथेनॉलची ज्योत भर उन्हात जवळजवळ दिसत नाही, त्यामुळे सांडलेले इंधन पेटले आहे हे कळेपर्यंत हात भाजलेला असतो. विषारी आणि ज्वलनशील म्हणून त्याच्या विक्रीवर आणि वाहतुकीवर बंधने आहेत. विमानाने जाणाऱ्या पार्सलात ते घेत नाहीत. निपाणीत बसून दर महिन्याला इंधन मिळवणे हे काम तुम्हाला वाटते तेवढे सोपे नाही, आणि कोणी बिनपावतीचा, लेबल नसलेला डबा देऊ केला तर तो घेऊ नका. घरात दहा वर्षांचा मुलगा आहे. गाडी चालवायला त्याला आनंदाने द्या, पण हे इंधन घरी आलेच तर ते कुलपात राहिले पाहिजे, पाण्याच्या किंवा सरबताच्या बाटलीत तर कधीच नाही.

बॅटरीची बाजू घेताना तिचा धोका लपवणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. या गाड्यांतली लायपो (लिथियम पॉलिमर) बॅटरी जास्त चार्ज झाली, टोचली गेली किंवा फुगल्यावरही वापरली, तर ती पेट घेते आणि ती आग पाण्याच्या एका बादलीने विझत नाही. म्हणून एक नियम कटाक्षाने पाळा: बॅटरी वखारीत चार्ज करायची नाही. घरी, शहाबादी फरशीवर किंवा अंगणातल्या कोब्यावर, आगरोधक पिशवीत किंवा मातीच्या उघड्या कुंडीत ठेवून, बॅलन्स चार्जरने (प्रत्येक सेल सारखा भरणाऱ्या), आणि स्वतः जागे आणि जवळ असताना चार्ज करायची. दोन सेलची बॅटरी ८.४ व्होल्टला पूर्ण भरते. चालवताना प्रत्येक सेल ३.२ व्होल्टच्या खाली जाऊ देऊ नये; स्पीड कंट्रोलरमध्ये ही मर्यादा बसवण्याची सोय असते आणि ती पहिल्याच दिवशी बसवावी. आठवडाभर गाडी लागणार नसेल, तर बॅटरी पूर्ण भरून न ठेवता प्रत्येक सेल ३.८ व्होल्टवर ठेवावा. एप्रिल-मेच्या उन्हात मोटारसायकलच्या डिकीत किंवा बंद मोटारीत ती विसरू नये. फुगलेली बॅटरी पुतण्याच्या हाती लागणार नाही अशी बाजूला काढा आणि तिचा लोभ धरू नका. हे सगळे पाळणे अवघड नाही. यात दर वेळी लक्ष लागते, इतकेच.

विजेच्या चिंतेचा मात्र हिशेब मांडून पाहा, कारण इथे तुम्ही विनाकारण घाबरला आहात. ७.४ व्होल्ट आणि ५००० एमएएचची बॅटरी म्हणजे ३७ वॅट-तास. चार्जरमधील गळती धरून ४५ वॅट-तास म्हणा. ७५ वॅटचा छताचा पंखा पाऊण तासापेक्षाही कमी वेळात एवढी वीज खातो. घरच्या इन्व्हर्टरवर ही बॅटरी आरामात भरते. हेस्कॉमची वीज रविवारी सकाळी गेली तरी बिघडत नाही, कारण शनिवारी रात्री जेवणे आटोपून गप्पा चालू असताना दोन बॅटऱ्या एकामागून एक भरून होतात. शिवाय छंदाचे बरेचसे चार्जर ११ ते १८ व्होल्टच्या डीसी पुरवठ्यावरही चालतात, म्हणजे ट्रॅक्टरच्या १२ व्होल्टच्या बॅटरीला चिमटे लावूनही काम भागते. फक्त विकत घेताना चार्जरवर ती सोय आहे का हे पाहून घ्या. ड्रिफ्टमध्ये गाडी फार वेगाने धावत नसल्याने एका बॅटरीवर साधारण अर्धा तास मिळतो. दोन बॅटऱ्यांत तुमची सकाळ निघते.

आता ३५,००० रुपयांचे काय करायचे ते पाहू. सगळे पैसे पहिल्याच दिवशी संपवू नका, आणि "एकदाच घ्यायची" हा हट्ट सोडा. या छंदात पहिली गाडी ही दुसरी कशी हवी ते शिकवण्यासाठीच असते. तुमच्यासमोर दोन वाटा आहेत. चारही चाकांना जोर देणारी टामिया टीटी-०२डी यांसारखी साधी चासी घेतली, तर गाडी लवकर हाताशी येते, मोडतोड सोसते आणि पुतण्याही ती चालवू शकतो. पण तिचा ड्रिफ्ट थोडा ओढून आणल्यासारखा दिसतो. मागच्या चाकांना जोर देणारी, योकोमो वायडी-२ किंवा एमएसटी आरएमएक्स यांच्या जातीची चासी घेतली, तर पहिले काही आठवडे गाडी सारखी गिरक्या घेईल, तुम्ही वैतागाल, आणि मग एके दिवशी वळण जुळेल ते कायमचे. तुमची चिकाटी आणि मोजमापाची सवय पाहता मी तुम्हाला दुसरीच वाट सुचवीन. जे वाचक शाळकरी मुलांबरोबर खेळण्यासाठी गाडी घेत असतील, त्यांनी पहिली वाट धरावी.

पैसे वाटताना मोटरवर कमी आणि स्टिअरिंगवर जास्त खर्च करा. ६० अंश फिरायला ०.१० सेकंद किंवा त्याहून कमी वेळ घेणारा सर्व्हो आणि बऱ्यापैकी जायरो या जोडीमुळे स्वस्त चासीही चांगली चालते. याउलट महागड्या चासीवर सुस्त सर्व्हो बसवला तर सगळे पैसे वाया जातात. चार्जरवरही काटकसर करू नका. परदेशातून काही मागवणार असाल, तर सीमाशुल्क आणि पार्सलचा खर्च किमतीत मिळवूनच तुलना करा, आणि बॅटरी मात्र देशातल्या विक्रेत्याकडूनच घ्या, कारण लायपोच्या हवाई वाहतुकीवर निर्बंध आहेत. पॉलिकार्बोनेटची सुबक बॉडी शेवटी घ्या. शिकताना ती भिंतीवर आपटणारच आहे.

टायर विकत घेण्याआधी एक गोष्ट करून पाहा, ती तुमच्या हातची आहे. या छंदाच्या सुरुवातीच्या काळात पुष्कळांनी पीव्हीसी पाइपचेच टायर केले होते. शेतीचा ६३ मिलिमीटरचा पाइप आपल्याकडे कोणत्याही हार्डवेअरच्या दुकानात मिळतो. त्याचे २६ मिलिमीटर रुंदीचे चार कडे कापायचे, दोन्ही कडांना थोडा गोल उतार द्यायचा, आणि जुन्या रबरी टायरला पॉलिश पेपरने घासून बारीक करून त्यावर हे कडे घट्ट दाबून बसवायचे. कडे एकमेकांशी तंतोतंत सारखे हवेत. एक चाक अर्धा मिलिमीटर जरी मोठे झाले, तरी गाडी एका अंगाला ओढते आणि माणूस उगाच जायरोला दोष देत बसतो. हे पटले की पुढची पायरी म्हणजे डेलरिनचा (एका कडक प्लास्टिकचा) गोल बार आणून लेथवर टायर टर्न करणे. तुम्ही तर मशीनवरच असता. साहेबांची परवानगी काढून सुटीच्या वेळेत करून पाहा. बेळगावच्या वाचकांना उद्यमबागेत असे काम करून देणारा लेथवाला शोधायला वेळ लागणार नाही. पीव्हीसी आणि डेलरिन यांची पकड वेगळी लागते, आणि एकाच कोब्यावर दोन्ही चालवून पाहिले की टायर म्हणजे काय हे दहा लेख वाचण्यापेक्षा चांगले कळते.

वखारीच्या फरशीकडे आधी लक्ष द्या. तंबाखूची भुकटी कोब्याच्या बारीक छिद्रांत बसलेली असते. नुसत्या केरसुणीने ती निघत नाही, ओल्या फडक्याने दोनदा पुसून पूर्ण वाळू द्यावी लागते. अर्धी फरशी स्वच्छ आणि अर्धी धुळीची राहिली, तर गाडीची पकड मध्येच बदलते आणि नवशिक्याला आपलेच चुकते आहे असे वाटत राहते. हीच भुकटी मोटरच्या बेअरिंगमध्ये आणि दातऱ्यांत जाते, म्हणून चालवून झाल्यावर मऊ ब्रशने चासी झाडावी. पुतण्याला दमा किंवा शिंका येण्याचा त्रास असेल, तर सफाईच्या वेळी त्याला बाहेर ठेवावे आणि तुम्हीही नाकाला रुमाल बांधावा.

सराव एका डब्याभोवती गोल फिरण्यापासून सुरू करा. एका दिशेने बराच वेळ जमू लागले, की लगेच दुसऱ्या दिशेने करा, कारण प्रत्येकाचा एक हात पक्का आणि दुसरा कच्चा असतो. मग दोन डबे मांडून आठचा आकडा. दिशा बदलताना गाडीचे वजन एका अंगावरून दुसऱ्या अंगावर जाते तो क्षण सगळ्यात अवघड आहे आणि खरी मजाही तिथेच आहे. या वेळी थ्रॉटल पूर्ण सोडायचा मोह आवरा.

ज्या वाचकांकडे वखार नाही आणि मोकळे सिमेंटचे मैदान आहे, त्यांच्यासाठीही ड्रिफ्टपुरता माझा कौल बॅटरीलाच आहे. खडबडीत डांबरावर प्लास्टिकची चाके भराभर झिजतात, एवढे लक्षात ठेवावे. नायट्रो हवीच असेल, तर ती वस्तीपासून लांब, परवानगीने वापरता येणाऱ्या जागेत, जवळ अग्निशामक ठेवून चालवावी. परीक्षेच्या दिवसांत आळीच्या तोंडाशी तिचा आवाज करणे बरे नाही. नायट्रो गाडीत रिसीव्हरची बॅटरी उतरली आणि थ्रॉटल उघडाच राहिला तर गाडी पूर्ण वेगात सुटते, म्हणून फेल-सेफ बसवलेला आहे का आणि थ्रॉटल मिटवणारी स्प्रिंग जागेवर आहे का हे दर वेळी तपासावे. बॅटरीच्या गाडीतही सिग्नल तुटल्यावर मोटर थांबेल अशी सोय बसवून घ्यावी.

राहिली ती पुण्याची गाडी आणि दाजी. दाजींनी तुमच्यासाठी माणूस शोधला, किंमत ठरवून आणली. त्यांना थेट नकार देणे तुम्हाला जड जाते आहे हे पत्रातून जाणवते. म्हणून त्यांच्याबरोबर पुण्याला जाऊन ती गाडी एकदा पाहून या. इंजिन पूर्ण थंड असताना ग्लो प्लग न काढता फ्लायव्हील हाताने फिरवा. पिस्टन वरच्या टोकाला अडकत नसेल आणि सहज फिरत असेल, तर स्लीव्ह झिजली आहे असे समजा. पुढच्या बेअरिंगमधून तेल पाझरते का, क्लचचा ड्रम निळा पडला आहे का, हेडचे स्क्रू कोणी पान्याने खराब केले आहेत का ते पाहा. मालकाला गाडी तुमच्यासमोर थंड असतानाच चालू करून दाखवायला सांगा. आधीच तापवून ठेवलेल्या गाडीवरून काहीच ठरवता येत नाही. आणि त्या मॉडेलचे पिस्टन-स्लीव्ह, क्लचचे बूट आणि ग्लो प्लग आज कुठे मिळतात याचे उत्तर त्यांच्याकडे नसेल, तर १८,००० रुपये फार झाले.

हे सगळे तपासून गाडी चांगली निघाली, तर दाजींना सांगा की ती त्यांनीच घ्यावी. इंजिन जुळवायला तुम्ही त्यांच्या मदतीला जाल, आणि चालवायची ती मोकळ्या माळावर. तुमचे पैसे बॅटरीच्या गाडीसाठी तसेच ठेवा, आणि गाडी आली की पहिल्या रविवारी दाजींना वखारीत बोलावून रिमोट त्यांच्या हाती द्या. दोन डब्यांमधून गाडी आडवी काढायला त्यांना किती वेळा जमते ते पाहिले, की खेळणे कशाला म्हणायचे यावर तुम्हा दोघांचे बोलणे अधिक नेमके होईल.